कॉर्नेलिया फ्रान्सिस : ऑस्ट्रेलियन मालिकांमधली करारी बाई

मृण्मयी_सिडनी

ऑस्ट्रेलियन मालिका म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कायली मिनोगचं. मग मार्गो रॉबी, ख्रिस हेम्सवर्थ, हीथ लेजर. मालिकेतून बाहेर पडून जग जिंकायला गेलेल्यांची यादी सगळ्यांना पाठ असते. मला आज लिहायचंय ते मालिकेतच राहिलेल्या एका बाईबद्दल. चाळीस वर्षं ती इथल्या घराघरांत संध्याकाळी येत राहिली, बहुतेक वेळा कुणाचं तरी वाईट करायला. तरीही लोक तिची वाट बघायचे. तिचं नाव कॉर्नेलिया फ्रान्सिस.

तिचा जन्म ७ एप्रिल १९४१चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. माहेरचं आडनाव झुल्वर. प्रसिद्ध ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल हे तिच्या नात्यातले. नाट्यशिक्षण गिल्डफर्डला झालं. पॉवेल यांच्या 'पीपिंग टॉम' (१९६०) मध्ये ती क्षणभर दिसते, श्रेयनामावलीत नाव नाही इतकं छोटं काम. त्या चित्रपटावर ब्रिटिश समीक्षक तुटून पडले आणि पॉवेल यांचं तिथलं करिअर जवळजवळ संपलं. आज तोच चित्रपट अभ्यासक्रमात असतो, पण ते पुढचं. साठच्या दशकाच्या मध्यावर कॉर्नेलिया ऑस्ट्रेलियात आली. गंमत बघा, पॉवेलही त्याच सुमारास इकडे येऊन चित्रपट करत होते. 'दे आर अ वीयर्ड मॉब' हा त्यांचा १९६६चा चित्रपट सिडनीत येऊन पडलेल्या एका इटालियन माणसाचा आहे.

आता मुद्द्याचं. ऑस्ट्रेलियात टीव्ही सुरू झाला १९५६ साली. सुरुवातीची वर्षं पडद्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश माल भरलेला असायचा. पुढे स्थानिक नाटकांसाठी नियम आले, सत्तरच्या दशकात नवे लेखक आले आणि त्यांना इथल्या माणसासारखं बोलणारी पात्रं हवी होती. मग कॉर्नेलियासारख्या शुद्ध, धारदार इंग्रजी बोलणाऱ्या नटीचं काय करायचं? माझं मत असं, की या उद्योगानं त्या आवाजाला एक कायमची जागा देऊन टाकली. बड्या घरची बाई, हुकूम सोडणारी बाई, समोरच्याला त्याची पायरी दाखवणारी बाई. दुसरी एखादी नटी या साच्यात गुदमरली असती. कॉर्नेलियानं त्याच साच्यात एकामागून एक वेगळी माणसं उभी केली.

पहिली मोठी भूमिका 'द यंग डॉक्टर्स'मधली, १९७६ पासून. चॅनेल नाइनची ही मालिका अल्बर्ट मेमोरियल नावाच्या काल्पनिक हॉस्पिटलात घडते. कॉर्नेलिया होती सिस्टर ग्रेस स्कॉट. कडक शिस्तीची, पोरीबाळींसारख्या शिकाऊ नर्सेसना धाकात ठेवणारी. मी जुने भाग पाहिले ते इंटरनेटवर, तुकड्या-तुकड्यांत. सेट साधे, भिंती हलतील की काय असं वाटावं असे, प्रकाशयोजना म्हणजे नुसता उजेड. त्यात ही बाई येते आणि आवाज चढवत नाही. बाकीचे भराभर बोलत असतात, ही वाक्याच्या आधी थांबते. समोरची नर्स बोलून मोकळी होते, घाबरते, आणखी काहीतरी बोलून बसते. मग सिस्टर स्कॉटचं एक वाक्य. रोज उठून पानंच्या पानं संवाद पाठ करायचे, एक-दोन टेकमध्ये प्रसंग संपवायचा, अशा कामात थांबायचं धाडस करायला तयारी लागते. रंगमंचाचं शिक्षण तिथे दिसतं. मालिका १९८३ पर्यंत चालली, १३९६ भाग झाले. कॉर्नेलिया मात्र त्याच्या बरीच आधी बाहेर पडली होती.

दुसरी भूमिका 'सन्स अँड डॉटर्स'मधली बार्बरा. चॅनेल सेव्हनची मालिका, १९८२ ते १९८७. जन्मतःच ताटातूट झालेली जुळी भावंडं मोठेपणी भेटतात आणि नातं माहीत नसल्यामुळे एकमेकांच्या प्रेमात पडतात, ही सुरुवात. एक पामर कुटुंब मेलबर्नचं, कष्टकरी. दुसरं हॅमिल्टन कुटुंब सिडनीचं, गडगंज. त्या श्रीमंत घरातली पॅट्रिशिया हॅमिल्टन म्हणजे रोवेना वॉलेस, जिला लोक 'पॅट द रॅट' म्हणायचे. अशा जबरदस्त खलनायिकेसमोर तेवढ्याच वजनाची बाई हवी होती, म्हणून बार्बरा. इथे कॉर्नेलियाला दुष्टपणाच्या पलीकडे जायला मिळालं. बार्बरा ताठ आहे, पण न्यायी आहे, मायाही करते. ही माझी सर्वांत आवडती भूमिका.

आणि तिसरी, जिच्यामुळे आजची पोरंही तिला ओळखतात, ती 'होम अँड अवे'मधली मोराग बेलिंगहॅम. मालिका सुरू झाली १७ जानेवारी १९८८ला, मोराग त्याच वर्षी मालिकेतल्या समर बे या काल्पनिक गावात आली. आल्फ स्टुअर्टची बहीण, पेशानं वकील आणि पुढे न्यायाधीश. आल्फ म्हणजे रे मेगर, पहिल्या भागापासून आजवर तीच भूमिका करणारा. आल्फ तोंडाळ, भडकू, मनानं लोण्यासारखा. मोराग त्याच्या अगदी उलट. दोघं एका खोलीत आले की आल्फचा आवाज चढतो, मोराग चष्म्यावरून बघते, आणि तो पन्नाशी-साठीचा माणूस बहिणीसमोर पोरगा होतो. भावाबहिणीचं हे नातं इतकं खरं वाटायचं, की ती दोघं खरोखरची भावंडं नाहीत हे मुद्दाम आठवावं लागायचं. मोराग सलग कधी राहिली नाही. यायची, उलथापालथ करायची, जायची. असं २०१७ पर्यंत चाललं.

मध्येच २००१ साली चॅनेल सेव्हननं 'द वीकेस्ट लिंक' हा ब्रिटिश प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम इथे आणला आणि सूत्रधार म्हणून कॉर्नेलियाला घेतलं. अर्धवर्तुळात उभे राहिलेले घाबरलेले स्पर्धक, मध्ये काळ्या कपड्यांत ही, आणि प्रत्येक फेरीनंतर एकाला थंडपणे दिलेला निरोप. ज्यांनी मालिका कधी बघितल्या नाहीत त्यांनाही ती या कार्यक्रमामुळे कळली. साठीला आलेली स्त्री रात्रीच्या मोक्याच्या वेळी एकटीच्या जोरावर कार्यक्रम चालवते आहे, ही त्या काळी इथेही रोजची गोष्ट नव्हती.

२००३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. २०१८च्या सुरुवातीला तिनं कर्करोग झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. मूत्राशयातून तो हाडांपर्यंत गेला होता. २८ मे २०१८ला, ७७व्या वर्षी ती गेली.

लॉगी हा इथला टीव्हीचा सर्वांत मोठा पुरस्कार, आणि त्यातला सोन्याचा लॉगी लोकांच्या मतांवर मिळतो. तो कॉर्नेलियाला कधीच मिळाला नाही. मला हे फार लागतं. रोवेना वॉलेसला १९८५ साली मिळाला, 'होम अँड अवे'च्या केट रिचीला २००७ आणि २००८ अशी दोन वर्षं मिळाला, रे मेगरला २०१० मध्ये. लोक ज्याच्यावर प्रेम करतात त्याला मत देतात, हे समजण्यासारखं आहे. पण ज्या बाईमुळे बाकीच्यांवर प्रेम करावंसं वाटतं, तिच्या कामाची मोजदाद कुठे होते?

इथे कुणी तिचं काम पाहिलंय का? यूकेवाल्यांनी नक्की पाहिलं असेल. लिहा.


शेखर_लीड्स

मृण्मयी, किती आठवणी काढल्यात! आम्ही १९८७ला इकडे आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. 'होम अँड अवे' इथे आयटीव्हीवर सुरू झालं १९८९ मध्ये. बीबीसीवर 'नेबर्स' ही दुसरी ऑस्ट्रेलियन मालिका १९८६ पासून होतीच. शाळेतून घरी आलं की दोन्ही बघायचो. बाहेर चार वाजताच काळोख, पाऊस, आणि टीव्हीवर निळं पाणी, वाळू, अर्ध्या चड्डीत शाळेत जाणारी पोरं. इथल्या मुलांना त्या मालिका इतक्या का आवडल्या याचं निम्मं उत्तर त्या उन्हात आहे असं मला वाटतं.

आमच्या आईचं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं. आल्फचं एक अक्षर तिला कळायचं नाही. मोराग बोलली की सगळं कळायचं. ती म्हणायची, "ही बाई नीट बोलते." मोराग कपटी आहे हे तिला पटायलाच तयार नव्हतं, इतकं नीट बोलणारी बाई वाईट कशी असेल, असा तिचा प्रश्न.

'द यंग डॉक्टर्स' आणि 'सन्स अँड डॉटर्स' इथे दुपारी लागायच्या. आजारी पडून घरी राहिलं की त्या बघायला मिळायच्या.


गौरी१९

सुंदर लेख. यातलं काहीच पाहिलेलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. वाचताना ललिता पवार डोळ्यांसमोर आल्या. त्यांनाही आयुष्यभर खाष्ट सासूच्या भूमिका मिळाल्या, चेहऱ्यावर झालेल्या इजेनंतर नायिकेची कामं बंद झाली आणि त्यांनी त्यातूनच स्वतःची जागा केली. 'अनाडी'मधल्या त्यांच्या मिसेस डिसा आठवा, वरून फणसाचे काटे, आतून गरे.

एक शंका. मोराग यायची आणि जायची म्हणता, मग प्रेक्षक तिला विसरत कसे नव्हते? आपल्याकडे पात्र महिनाभर दिसलं नाही की लोक विसरतात, नाहीतर निर्माते दुसरी नटी आणून उभी करतात.


मृण्मयी_सिडनी

शेखर, तुमच्या आईंचा किस्सा वाचून फार आनंद झाला. माझ्या लेखातला अख्खा मुद्दा त्यांनी एका वाक्यात सांगितला.

गौरी, ललिता पवारांची आठवण अगदी चपखल.

तुमच्या शंकेबद्दल. समर बे हे मालिकेतलं एक छोटं किनाऱ्यावरचं गाव. अशा गावात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी अडकतं: अपघात, आग, खून, मुलाचा ताबा. कोर्टकचेरी आली की वकील लागतो, आणि गावच्या आल्फची बहीण वकील आहे. म्हणजे मोरागला परत आणायला लेखकांना वेगळं कारण शोधावं लागत नसे. तिच्या पेशातच तिचं परतीचं तिकीट होतं. ज्यानं ते पात्र पहिल्यांदा कागदावर लिहिलं त्याला दाद द्यायला हवी.

दुसरं, मोरागची मुळं मालिकेत फार खोल होती. सुरुवातीच्या वर्षांत बॉबी सिम्प्सन नावाची बंडखोर अनाथ मुलगी सगळ्यांची लाडकी होती, निकोल डिक्सननं ती भूमिका केली. पुढे उघड होतं की बॉबीची जन्मदाती आई मोराग आहे, आणि वडील म्हणजे तिला शाळेत सतत धारेवर धरणारे मुख्याध्यापक डोनल्ड फिशर. गावातल्या सर्वांत नकोशा मुलीला टाकून देणारी आई गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित घरातली निघते. तो भाग मिळाला तर जरूर बघा. मोराग माफी मागत नाही. आपण काय केलं ते जवळजवळ निकाल वाचून दाखवावा तसं सांगते, आणि सांगता सांगता हातातले मोजे एकावर एक नीट ठेवत राहते. चेहरा स्थिर, हात स्थिर नाहीत.

आणि इथल्या मालिकांचं वर्ष आपल्यासारखं बारमाही नसतं. नोव्हेंबरच्या अखेरीला उन्हाळ्याची सुट्टी लागते, लोक किनाऱ्यावर जातात, प्रेक्षकसंख्येची मोजणी थांबते, मालिकाही थांबते. ती परत येते थेट जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. म्हणून वर्षाचा शेवटचा भाग एखाद्या भयंकर वळणावर तोडतात. दोन महिने लोक बोलत राहतात. अशा उसंतीमुळे जुनी पात्रं प्रेक्षकांच्या डोक्यात शिल्लक राहतात असा माझा अंदाज.


मेलबर्नचा_विनू

लेख चांगला आहे पण रोवेना वॉलेसला तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते मला मान्य नाही. 'सन्स अँड डॉटर्स' म्हणजे पॅट द रॅट. १९८५चा सोन्याचा लॉगी खलनायिकेच्या भूमिकेला मिळाला, म्हणजे लोक फक्त गोड पात्रांनाच मत देतात हे तुमचं म्हणणं तिथेच खोटं ठरतं. ती सोडून गेल्यावर मालिकेची काय अवस्था झाली बघा. पॅट्रिशियानं प्लास्टिक सर्जरी करून चेहरा बदलला आणि ॲलिसन कार नावानं परत आली असं दाखवावं लागलं, भूमिका बेलिंडा गिब्लिनला दिली. हा प्रकार लोकांनी पचवला, कारण गिब्लिनही कसलेली नटी होती.

दुसरी गोष्ट, या सगळ्यामागे उभा असलेला माणूस राहिला. रेग वॉटसन. ब्रिस्बेनकडचा, ब्रिटनमध्ये जाऊन 'क्रॉसरोड्स' ही मालिका उभी केली, मग परत येऊन रेग ग्रंडीच्या कंपनीत मालिका विभाग सांभाळला. 'द यंग डॉक्टर्स', 'प्रिझनर', 'सन्स अँड डॉटर्स', 'नेबर्स' हे सगळं त्याच एका डोक्यातून निघालं. आणि ग्रंडी कंपनीनं नुसते भाग विकले नाहीत, अख्खी गोष्टच विकली. 'सन्स अँड डॉटर्स'चं कथानक घेऊन जर्मनांनी १९९५ मध्ये स्वतःची मालिका काढली, ती वीस वर्षं चालली. स्वीडनमध्ये, ग्रीसमध्येही झाली. आज आपल्याकडे एका भाषेतली मालिका सात भाषांत होते त्याचं कौतुक चालतं, हे लोक ते तेव्हा करत होते.


मृण्मयी_सिडनी

विनू, रोवेना वॉलेसबद्दल तुमचं बरोबर आहे. तिचं काम थोरच होतं, आणि तिच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, तुम्हीच काढा. मी एवढंच म्हणेन की पॅट ज्वाळा होती. ज्वाळेला बक्षीस मिळतं. बार्बरा तिच्यासमोर उभी राहिली नसती तर त्या घरात फक्त आरडाओरडा उरला असता.

रेग वॉटसनची आठवण करून दिलीत ते उत्तम केलंत. 'होम अँड अवे' मात्र त्याचं नाही. ती ॲलन बेटमनची. चॅनेल सेव्हननं १९८५ मध्ये 'नेबर्स' सुरू केली आणि त्याच वर्षी बंद केली. चॅनेल टेननं ती उचलली आणि तिचं सोनं झालं. सेव्हनवाल्यांना ते इतकं झोंबलं की त्यांना स्वतःची तशी मालिका हवीच होती. बेटमन कुटुंबासह न्यू साउथ वेल्समधल्या कांगारू पॉइंट नावाच्या ठिकाणी गेला असताना त्याला कळलं, की शहरातल्या अनाथ मुलांसाठी तिथे घर होणार आहे आणि गावकरी चिडलेत. बाहेरची पोरं आपल्या गावात नकोत. त्या चिडीतून समर बे जन्माला आलं. म्हणून मालिकेचा पाया पालक आईबाप आणि दुसऱ्यांची मुलं असा आहे. टॉम आणि पिपा फ्लेचर शहरातून पाच मुलं घेऊन येतात आणि गाव त्यांच्याकडे संशयानं बघतं. मोराग ही त्या संशयाचीच आवाज झालेली बाई. म्हणून तिची स्वतःची टाकलेली मुलगी त्याच गावात सापडते, तेव्हा तो प्रसंग नुसता धक्का देण्यापुरता राहत नाही.


अनघा_के

मला वेगळ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलं. कॉर्नेलिया साठच्या दशकात इंग्लंडहून आली आणि तिला इथे काम मिळालं. त्याच काळात पुण्याची एखादी तितकीच गुणी, तितकंच स्वच्छ इंग्रजी बोलणारी नटी ऑस्ट्रेलियात येऊ शकली असती का? माझे सासरे १९७०च्या सुमारास इकडे यायचा विचार करत होते, इंजिनिअर असून. शेवटी कॅनडाला गेले.


मृण्मयी_सिडनी

अनघाताई, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर कडू आहे. जवळजवळ नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, म्हणून ब्रिटिशांना दहा पौंडांत जहाजानं आणायची योजना होती. मुलं फुकट, अट एकच, दोन वर्षं राहायचं. लाखो लोक त्यातून आले. त्याच वेळी आशियातल्या माणसांसाठी दार बंद होतं. १९६६ मध्ये शिकलेल्या लोकांसाठी ते थोडं किलकिलं झालं. गोऱ्यांनाच प्राधान्य देणारं धोरण पूर्ण संपलं ते १९७३ मध्ये, व्हिटलम सरकारच्या काळात. कॉर्नेलियाचा दोष नाही यात काही, पण तिच्या आवाजाला जी जागा मिळाली तिच्यामागे हा इतिहास उभा आहे, तो विसरून चालणार नाही.

पडद्याचं म्हणाल तर तिथे आणखी उशीर झाला. 'नेबर्स'मध्ये भारतीय कुटुंब आलं ते २०११-१२ मध्ये. कपूर कुटुंब: वकील अजय, शिक्षिका प्रिया आणि त्यांची मुलगी राणी. म्हणजे मालिका सुरू होऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाल्यावर. तेव्हाही मालिकेच्या संकेतस्थळावर वर्णद्वेषी शेरे आले आणि ते काढून टाकावे लागले. २०१३ पर्यंत कुटुंब मालिकेतून गेलंसुद्धा. तोवर सिडनी-मेलबर्नच्या कित्येक उपनगरांत आपल्या लोकांनी गल्ल्याच्या गल्ल्या भरल्या होत्या.


शेखर_लीड्स

कपूर कुटुंब आलं तेव्हा आमच्याकडे मावशीनं फोन करून सांगितलं होतं, "अरे लाव, आपले लोक आलेत." प्रिया मुख्याध्यापिका होते तिथवर आम्ही नेमानं बघितलं. मग सोडलं.


दादरकर

वाचतोय. माहितीपूर्ण चर्चा. विनू, रोवेना वॉलेसचा धागा येऊ द्या.


आसावरी_ब्रिस्बेन

उशिरा लिहितेय. मोरागचं एक कथानक तुम्ही कुणीच काढलं नाहीत म्हणून राहवलं नाही. ती उतारवयात रॉस बकटनशी लग्न करते. पोलीस अधिकारी चार्लीचे वडील. आणि मग रॉसला अल्झायमर होतो.

तेव्हा माझे बाबा तसेच आजारी होते, नाशिकला. मी इथे, भाऊ तिथे. जी बाई आयुष्यभर प्रत्येक वाक्य पुराव्यासारखं मांडत आली, तिच्यासमोर नवरा आता तेच तेच विचारतोय, कालचं आज विसरतोय. कोर्टात कुणालाही गप्प करणारी बाई घरात उत्तर देऊन देऊन थकते. कॉर्नेलियानं तिथे रडारड केली नाही. ती त्याला त्याच शिस्तीत, त्याच स्वच्छ उच्चारात, परत परत उत्तर देत राहते. फक्त आवाजाची धार हळूहळू गेलेली असते. मी बाबांशी फोनवर अशीच बोलायला शिकले, कंटाळा न दाखवता, दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं. याबद्दल मी त्या बाईची कायमची ऋणी आहे.

याच मालिकेनं पुन्हा हाच आजार दाखवला तो आयरीन रॉबर्ट्सच्या बाबतीत. लिन मॅकग्रेंजर १९९३ पासून ती भूमिका करत होती, आधी शिक्षिका होती, मग नाटकात गेली. आयरीनला अल्झायमर होतो आणि २०२५ मध्ये ती समर बे सोडून जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिनला सोन्याचा लॉगी मिळाला, ७२व्या वर्षी. मृण्मयी, तुमचं दुःख थोडं हलकं व्हावं म्हणून सांगते.


मृण्मयी_सिडनी

आसावरी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या लेखात असायला हवं होतं असं वाटलं.

लिनचा पुरस्कार मी थेट प्रक्षेपणात पाहिला. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत तिच्यापेक्षा निम्म्या वयाची, तिच्यासोबत मालिकेत पोरंसोरं म्हणून आलेली माणसं होती. मनापासून बरं वाटलं.


गौरी१९

पुढच्या जानेवारीत सिडनीला येतेय, बहिणीकडे. ते समर बे खरंच आहे का? बघता येतं का?


मृण्मयी_सिडनी

येतं की! गाव काल्पनिक, किनारा खरा. सिडनीच्या उत्तरेकडचा पाम बीच. मॅनलीहून १९९ नंबरची बस थेट जाते, वेळ भरपूर ठेवा, रस्ता वळणावळणाचा आहे. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला सर्फ लाइफ सेव्हिंग क्लबची इमारत आहे, तीच मालिकेतली समर बे सर्फ क्लब. चित्रीकरण असेल तर आजूबाजूला गाड्या, वायरी आणि जाळीचे पडदे दिसतील. कुणी हाकलत नाही, फक्त कॅमेऱ्याच्या टप्प्यात जाऊ देत नाहीत. घरांच्या आतले प्रसंग तिथे होत नाहीत, ते शहरातल्या स्टुडिओत.

तिथवर गेलात तर बॅरनजोई दीपगृहापर्यंत नक्की चढा. १८८१चं, वालुकाश्माचं. दोन वाटा आहेत, एक रुंद आणि सोपी, दुसरी पायऱ्यांची, तिला स्मगलर्स ट्रॅक म्हणतात. गुडघे ठीक असतील तर पायऱ्यांनी चढा आणि रुंद वाटेनं उतरा. जानेवारीत ऊन फार कडक, सकाळी लवकर. पाणी आणि टोपी विसरू नका. वर प्यायचं पाणी मिळत नाही असं धरूनच जा.


मेलबर्नचा_विनू

गौरी, मेलबर्नला आलात तर 'नेबर्स'ची रॅम्झी स्ट्रीटही आहे, व्हरमॉन्ट साउथमधली पिन ओक कोर्ट. साधी बंद गल्ली, घरांत खरी माणसं राहतात, तेव्हा जपून. ती मालिका २०२२ला संपली, २०२३ला परत आली, आणि २०२५ मध्ये पुन्हा थांबवायचं ठरलं. 'होम अँड अवे' अजून चालू आहे, म्हणून आधी पाम बीच करा.

रोवेनाचा धागा लिहायला घेतोय. तोवर एक जोड इथेच देतो. मी वर बेलिंडा गिब्लिनचं लिहिलं, चेहरा बदलून आलेली ॲलिसन. 'सन्स अँड डॉटर्स'मध्ये ती आणि कॉर्नेलिया एकाच घरात समोरासमोर उभ्या असायच्या. तीच गिब्लिन २०१८ मध्ये 'होम अँड अवे'त आली, मार्था म्हणून. मार्था म्हणजे आल्फची बुडून मेली असं सगळे समजत होते ती बायको. म्हणजे मोरागची वहिनी! आणि त्याच वर्षी कॉर्नेलिया गेली. मेलेली वहिनी दारात उभी आहे आणि न्यायाधीश नणंद तिची उलटतपासणी घेतेय, हा प्रसंग लेखकांच्या हातून कायमचा गेला. मला तो बघायला फार आवडला असता.